ऑगस्टची सुट्टी मराठीत कशी आणायची?

२००० साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर एक व्हिडिओ गेम आला. नाव 'बोकु नो नात्सुयासुमी', म्हणजे 'माझी उन्हाळी सुट्टी'. या गेममध्ये कुणी कुणाला मारत नाही, गाड्या पळवत नाही, राजकन्येची सुटका करत नाही. साल आहे १९७५, महिना ऑगस्ट. शहरातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आईचे दिवस भरत आलेत, म्हणून त्याला महिनाभर गावी नातेवाइकांकडे पाठवलंय. तिथे तो किडे पकडतो, गळ टाकून मासे धरतो, नदीत डुंबतो, पतंग उडवतो, भुंगेऱ्यांची कुस्ती लावतो. संध्याकाळी जेवायला हाक येते. रात्री झोपण्यापूर्वी तो चित्रांच्या वहीत दिवसभराची हकिगत लिहितो. ३१ दिवस झाले की सुट्टी संपली आणि गेमही संपला.

काझ आयाबे हे त्याचे कर्ते आणि 'मिलेनियम किचन' हा त्यांचा स्टुडिओ. जपानी लोकांना हे प्रकरण इतकं आवडलं की २००२, २००७ आणि २००९ मध्ये पुढचे तीन भाग आले. पण चारांपैकी एकही भाग कंपनीने अधिकृतपणे इंग्रजीत आणला नाही. कारण उघड होतं. जपानी खेड्यातली शाळेची सुट्टी, सकाळची रेडिओवरची कवायत, झाडावर दिवसभर किर्र करणारे किडे, हे अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या पोराला काय कळणार? 'फारच आमचं आमचं आहे, बाहेर चालणार नाही.'

मंडळी, हे वाक्य आपल्याला नवीन नाही. दशावताराबद्दल, धालोबद्दल, पेडण्याच्या पुनवेबद्दल आपणच किती वेळा म्हटलंय! म्हणून हा गेम पुढे परदेशात पोचला कसा, याची गोष्ट मला सांगावीशी वाटते. मी काही गेम खेळणाऱ्यांतला नाही. पण भाषा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना काय सांडतं, काय उरतं, हा माझ्या आवडीचा विषय.

माझ्या पिढीला जपानी गेम म्हणून कळले नाहीत, तरी आम्ही ते पुष्कळ खेळलो. नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचं ते यंत्र असे, त्याच्या ओसरीवर सुट्टीत आख्खा वाडा जमायचा. ते यंत्र म्हणजे जपानच्या 'फॅमिकॉम'ची स्वस्त नक्कल. कॅसेटवर '९९९ इन १' असं छापलेलं आणि आत खरे गेम मोजून दहा-पंधरा, तेच फिरून फिरून. त्यात 'काँट्रा' हमखास. पुष्कळ वर्षांनी वाचलं, की काँट्राच्या मूळ जपानी कॅसेटमध्ये गोष्ट पुढे नेणारी चित्रं आणि नकाशा होता. अमेरिकेच्या आवृत्तीत ते काढून टाकलं. युरोपात तर माणसं जाऊन त्यांच्या जागी यंत्रमानव आले आणि नावही 'प्रोबोटेक्टर' झालं. एकच गेम, तीन मुलखांत तीन रूपं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन माणसं उजवीकडे धावतात आणि गोळ्या झाडतात एवढी गोष्ट आम्हाला पुरत होती.

एखादी वस्तू नव्या मुलखात तिथल्या लोकांना रुचेल अशी करून आणणं, याला हल्ली 'लोकलायझेशन' म्हणतात. मराठीत 'स्थानिकीकरण' असा सरकारी वासाचा शब्द आहे. पण हे काम आपण तो शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून करतोय. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला. मोलिएरचं फ्रेंच नाटक इंग्रजीच्या वाटेने येऊन त्यांचंच 'संशयकल्लोळ' झालं. आमच्याकडे जत्रेत, कालोत्सवात गावची हौशी मंडळी आजही हे नाटक लावतात. फाल्गुनराव मुळात फ्रेंच आहे असं कुणी प्रेक्षकांना सांगितलं तर लोक हसतील. पु. लं.ची 'ती फुलराणी' लंडनहून आली हे आपल्याला ठाऊक असतं, पण नाटक बघताना आठवत नाही.

जपानी गेमच्या बाबतीत इंग्रजीवाल्यांनी आधी हाच देवलांचा रस्ता धरला. २००१ मध्ये जपानमध्ये एका वकिलाचा गेम आला. त्याच्या नायकाचं आडनाव नारुहोदो. जपानीत 'नारुहोदो' म्हणजे 'अच्छा, असं आहे होय!' वकिलाला शोभेल असा विनोद. २००५ मध्ये तो इंग्रजीत आला तेव्हा नायकाचा फीनिक्स राइट झाला आणि खटले लॉस एंजेलिसमध्ये चालू लागले. त्याच्या सहकारी मुलीला रामेन शेवया आवडायच्या, तिला बर्गर आवडू लागले. इथवर ठीक. पण पुढच्या भागांत जपानी खेडी, देवळं, भुतंखेतं यायला लागली आणि लॉस एंजेलिसला ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडला. तरी ओढूनताणून बसवली! 'पोकेमॉन'च्या इंग्रजी रूपात तर भाताचा मुटका हातात धरून एक पात्र त्याला जेली भरलेला डोनट म्हणतं. पडद्यावर भात दिसतोय आणि कानावर डोनट येतोय.

देवलांना ही अडचण नव्हती, कारण त्यांच्याकडे नुसते शब्द होते. पात्रं, कपडे, घर, सगळं त्यांनी नव्याने उभं केलं. गेममध्ये चित्र आधीच काढलेलं असतं, फक्त भाषा बदलायची असते. शेताचा बांध जपानी, उंबरठा जपानी, ताटातलं अन्न जपानी, आणि बोलणं तेवढं अमेरिकन. असं केलं की सांधा दिसतोच.

हळूहळू इंग्रजीवाल्यांनाही हे कळलं असावं. त्याच वकिलाच्या पणजोबांच्या काळातली गोष्ट जपानमध्ये २०१५ आणि २०१७ अशी दोन भागांत आली. २०२१ मध्ये ती इंग्रजीत आली तेव्हा जपानी माणसं जपानीच ठेवली, नावंसुद्धा. मधल्या काळात वाचणारा बदलला होता. त्याला आता भाताचा मुटका भात म्हणूनच हवा होता.

असा खेळाडू घडवण्यात कंपन्यांपेक्षा हौशी लोकांचा वाटा मोठा. 'मदर ३' हा गेम जपानमध्ये २००६ मध्ये आला. कंपनी इंग्रजीत आणत नाही म्हटल्यावर क्लाइड मँडेलिन आणि इतर हौशी लोकांनी स्वतः भाषांतर करून २००८ मध्ये ते फुकट दिलं. अधिकृत इंग्रजी आवृत्ती अजून आलेली नाही. २०११ मध्ये 'ऑपरेशन रेनफॉल' नावाखाली अमेरिकेतल्या लोकांनी तीन जपानी गेमसाठी कंपनीकडे पत्रं आणि मागण्यांचा पाऊस पाडला. आमच्याकडे रस्त्यासाठी, पाण्यासाठी निवेदनं देतात, तिथे लोक गोष्टींसाठी निवेदनं देत होते, हे वाचून मला हेवा वाटला. आणि आपल्या सुट्टीच्या गेमचं काय? त्याच्या दुसऱ्या भागाचं हौशी भाषांतर 'हिलटॉप' या नावाने काम करणाऱ्या भाषांतरकाराने २०२३ मध्ये पुरं केलं. जपानी आवृत्तीनंतर एकवीस वर्षांनी!

मूळ मालिका अडून राहिली तरी आयाबेंची सुट्टी दुसऱ्या दाराने बाहेर पडली. ते दार उघडलं शिनचॅनने. आपल्याकडे २००६ पासून हंगामा वाहिनीवर हिंदीत बोलणारा, पालकांच्या तक्रारींमुळे २००८ मध्ये बंद झालेला आणि काटछाट होऊन परत आलेला तोच आगाऊ पोरगा. आयाबेंनी त्याला घेऊन नवा सुट्टीचा गेम केला. त्यात तो आईच्या मुलखात, दक्षिणेकडच्या कुमामोतोमध्ये, सुट्टीला जातो. जपानमध्ये तो जुलै २०२१ ला आला, आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्रजीत. जी गोष्ट बाहेर चालणार नाही म्हणत होते, ती बाहेर चालली.

माझा भाचा डिचोलीला राहतो. त्याच्याकडे हा गेम आहे. गेल्या मे महिन्यात आई तिकडे राहायला गेली होती आणि एका रविवारी मीही गेलो. भाचा टीव्हीवर खेळत होता, आई पाट घेऊन बाजूला बसलेली. गंमत अशी की हिंदी शिनचॅन ऐकत मोठा झालेला हा मुलगा इथे जपानी आवाज ऐकतो आणि खाली इंग्रजी वाचतो. आईला यातलं एकही कळत नाही. ती मराठी वाचते आणि पेडण्याची कोंकणी बोलते. तिने मला विचारलं, "कितें म्हणटा तो?"

मी सांगायला बसलो. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की हे काम सोपं नाही. शिनचॅन स्वतःला 'ओरा' म्हणतो. जपानीत 'मी'ला अनेक शब्द आहेत. सभ्य माणसाचा वेगळा, मुलग्यांचा 'बोकु' वेगळा, आणि 'ओरा' हा गावंढळ. इंग्रजीत सगळ्यांचा एकच 'आय' होतो. म्हटलं, आपल्याकडे सोय आहे. पेडण्यात 'हांव' म्हणतात, तेरेखोलची नदी ओलांडली की 'मियां' ऐकू येतं. मी शिनचॅनला 'मियां' दिला आणि आई लगेच हसली. इंग्रजी वाचून भाचा त्या जागी हसला नव्हता.

मग नात्यांची पंचाईत. जपानी 'ओजिसान' आणि इंग्रजी 'अंकल' दोन्ही ऐसपैस शब्द, कुणालाही बसतात. आपल्याला मात्र तो मामा, काका, मावशीचा नवरा की आत्याचा नवरा हे ठरवल्याशिवाय पहिलं वाक्यसुद्धा उच्चारता येत नाही. आणि सगळ्यांत अवघड तो ऑगस्ट. त्यांचा ऑगस्ट म्हणजे कडक ऊन, किड्यांची किर्र, कलिंगड. आपला ऑगस्ट म्हणजे पाऊस, शेवाळलेली पायरी, चवथीची तयारी. 'ऑगस्टची सुट्टी' असं शब्दाला शब्द सांगितलं तर आईच्या डोळ्यांपुढे छत्री येणार. मी 'मे महिना' म्हणालो. भाच्याने लगेच हटकलं, "मामा, ऑगस्ट लिहिलंय." त्याचंही खरं होतं आणि माझंही. झुंजारराव करायचा की ऑथेल्लोच ठेवायचा, हा देवलांपुढचा प्रश्न त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

थोड्या वेळाने आईने मला विचारणंच सोडलं. पडद्यावर शेताच्या बांधावरून वाट जात होती, पुढे व्हाळ, वर डोंगर. ती म्हणाली, "हो आमचोच गांव मरे!" आणि भाच्याला सांगायला लागली, मोप्याच्या पठाराखाली तिच्या माहेरी मुलं सुट्टीत काय करायची ते. काजूच्या बिया वेचायच्या, बोंडू चोखून कपडे डागवायचे, कांटां आणि चुन्नां खाऊन तोंड काळं-पांढरं करायचं, सोनकिडा काड्यापेटीत ठेवायचा. भाचा गेम थांबवून ऐकत होता. 'काड्यापेटीत श्वास कसा घ्यायचा तो?' असं त्याने विचारलं. आजीकडून त्याने हे कधी ऐकलं नव्हतं असं नाही. पण आता त्याच्याकडे ते ऐकायला एक चित्र होतं. ते चित्र जपानी होतं, एवढंच.

त्या पठारावर आता विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. विमानतळ हवा की नको, हा वाद मी इथे घालत नाही. नोकऱ्या लागलेली मुलं माझ्या ओळखीची आहेत आणि जमिनी गेलेली घरंही. पण आईच्या सुट्टीचा नकाशा कागदावर कुठेच नाही, तो तिच्या डोक्यातच आहे. आयाबेंनी १९७५ चा ऑगस्ट २००० साली गेममध्ये घालून ठेवला, तेव्हा तो जपानमधूनही जवळजवळ नाहीसा झाला होता. पण तो आठवणारी माणसं अजून होती. वेळेत झालेलं काम ते हेच.

शिनचॅनच्या दुसऱ्या सुट्टीची कथा डिचोलीकरांनी तर मुद्दाम ऐकावी अशी आहे. २०२४ मध्ये जपानीत आणि त्याच वर्षी इंग्रजीत आलेल्या या गेममध्ये तो बापाच्या मुलखात, उत्तरेकडच्या अकितामध्ये, जातो. शांत खेडं, भातशेती, म्हातारी माणसं. आणि एक गूढ आगगाडी त्याला घेऊन जाते कोळशाच्या गावात. तिथे खाण आहे, गजबज आहे, खानावळी आहेत. या दोन गावांत तो ये-जा करत राहतो. जपानच्या कोळशाच्या खाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडत गेल्या. ते गेलेलं जग मुलांच्या गेममध्ये दिवे लावून उभं आहे.

डिचोली तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९५०च्या दशकापासून जपानच्या पोलाद कारखान्यांना गोव्याचं लोहखनिज जाऊ लागलं आणि पुढची कित्येक दशकं जपान आपलं मोठं गिऱ्हाईक होतं. २००० नंतर चीन पुढे गेला. डिचोली-साखळीची लाल माती ट्रकांतून नदीवर, बार्जांतून मुरगावला आणि तिथून बोटीने जपानला जायची. सप्टेंबर २०१२ मध्ये सगळं थांबलं. मग थोडं सुरू झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजेस रद्द केली आणि मार्चमध्ये पुन्हा शुकशुकाट. लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीची खाण परत चालू झाली. या चालू-बंदमध्ये ज्यांनी ट्रक विकले, ज्यांची गॅरेजं आणि खानावळी बुडाल्या, त्यांचं एक गाव होतं. शेतात खाणीचा गाळ आला, विहिरी आटल्या असं सांगत शिरगावचे लोक कोर्टात गेले, त्यांचंही एक गाव होतं. दोन्ही गावं एकाच जागी. शिनचॅनची आगगाडी अशाच दोन गावांमधून फिरते. आपल्या मातीचं जपानमध्ये काय काय झालं कोण जाणे, पण तिथून परत आलेली ही गोष्ट डिचोलीत शोभते खरी.

मग ती मराठीत का नाही? पैसा आणि बाजार ही कारणं आहेतच. आणखी एक कारण लिपीचं. जपानी अक्षरं चौकोनी घरांत बसतात, थोड्या जागेत खूप सांगतात. इंग्रजीत तोच मजकूर लांबतो, म्हणून चौकट मोठी करावी लागते. देवनागरीत तर ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर आणि दिसताना अक्षराआधी. जोडाक्षरांत अर्धी अक्षरं एकमेकांत मिसळतात. यंत्राला हे मुद्दाम शिकवावं लागतं. न शिकवल्यास वेलांटी भलतीकडे लटकते आणि पाय मोडलेली अक्षरं दिसतात. कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. युनिकोड येण्यापूर्वी एका संगणकावर टंकलेलं परिपत्रक दुसऱ्या संगणकावर उघडलं की चिनी मंत्र दिसायचे! १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. कायदा झाला, पण फॉन्टला ते कळायला बरीच वर्षं गेली.

पण बाजार आणि लिपी या अडचणी आहेत, सबबी नव्हेत. तेत्सुको कुरोयानागींची 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणली आणि ती इतकी आपली झाली, की तिची आगगाडीच्या डब्यातली शाळा आपल्याला परकी वाटत नाही. जपान मराठीत येऊ शकतो. कुणीतरी बसून ते काम करायला हवं, एवढंच.

आणि ते कसं करावं हे पेडणे महालाला तर शिकवायची गरजच नाही. दशावतारात राजे आणि देव ग्रांथिक मराठीत बोलतात. तेवढ्यात संकासुर येतो आणि सगळं आपल्या गावच्या बोलीत घालतो. कालपरवा गावात काय झालं तेही त्यात आणतो, समोर बसलेल्या माणसालाही चिमटा काढतो. कागदावर लिहिलेली संहिता नाही, तरी ज्या गावात खेळ त्या गावची भाषा. पुराणातली गोष्ट तीच राहते आणि पहिल्या रांगेतलं पोर तिला हात लावू शकतं. ऑथेल्लोही राहतो आणि झुंजाररावही. जपानी गेम इंग्रजीत नेणारे लोक वीस वर्षं चाचपडून जिथे पोचले, तिथे आपले दशावतारी आधीच रात्र रात्र उभे होते.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. 'फारच आमचं आमचं आहे' हे न आणण्याचं कारण नाही, तेच आणण्याचं कारण आहे. बाहेरच्या लोकांना जपानची सुट्टी आवडली, कारण ती कुठल्यातरी एका खेड्याची होती, सगळ्या जगाची नव्हती. आपली सुट्टी कुणी गेममध्ये घालेल की नाही हे माझ्या हातात नाही. पण तिचे शब्द, फळांची नावं, व्हाळाच्या डोहांची नावं, किड्यांची नावं, लपंडावात राज्य घेताना म्हणायची गाणी, हे सगळं अजून माणसांकडे आहे. ती माणसं सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत. मी आईकडून वहीत उतरवायला सुरुवात केली आहे. सोनकिड्याला तिच्या माहेरी दोन नावं होती. नराला एक, मादीला एक. तुमच्या वाड्यावर काय म्हणत होते?